दुधाळ तेल, थरथरतं स्टिअरिंग आणि वितळलेला स्विच

प्रश्न : मागच्या डिफरेन्शियलचा (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणारे गिअर) फिलर प्लग, म्हणजे तेल भरायच्या भोकाचं बूच, काढून बोट घालून पाहिलं तर तेल दुधाळ लागलं. ऑइल सील नुकतीच बदलली आहेत आणि गाडी फार तर गुडघाभर पाण्यातून गेली आहे. पाणी शिरलं कुठून?

उत्तर : सीलला बोल लावण्याआधी ब्रीदर बघा. ॲक्सलच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या, नळीवर वरच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी टोपी असते, तोच ब्रीदर. डिफरेन्शियल तापलं की आतली हवा फुगून तिथून बाहेर पडते. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात उतरला की तीच हवा एकदम आकसते आणि बाहेरचं जे मिळेल ते आत ओढते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ही ओढ सीलच्या ओठावर येते. सील बनवलेलं असतं ते मुख्यतः आतलं तेल धरून ठेवायला, त्यामुळे नवं सीलसुद्धा उलट्या दिशेने पाणी आत सोडतं. ब्रीदर मोकळा असला तरी पाण्याखाली गेला की तो स्वतःच पाणी पितो.

आधी तेल काढा. गाडी रात्रभर सपाटीवर उभी ठेवा. सकाळी पहिल्यांदा फिलर प्लग सुटतो का बघा, मगच ड्रेन प्लगला, म्हणजे तळाच्या बुचाला, पाना लावा. तेल सगळं खाली आणि फिलर गंजून बसलेला, अशी वेळ आली तर गाडी जागची हलवता येत नाही. ड्रेन प्लग एकेक आटा करत सोडवा. मोकळं पाणी तळाशी बसलेलं असतं, ते तेलाच्या आधी थेंबथेंब गळतं. प्लगच्या चुंबकावरचा काळा लेप बोटांत चोळून बघा. लोण्यासारखा मऊ असेल तर नेहमीची झीज आहे; टोचणारे कण किंवा चकत्या हाताला लागल्या तर कव्हर उघडण्यावाचून इलाज नाही.

मग त्याच ग्रेडचं ताजं तेल भरा, आठ-दहा किलोमीटर सावकाश चालवा आणि गरम असतानाच काढून टाका. ढगाळ निघालं तर पुन्हा तेच. दोन वेळा तेल वाया जातं खरं, पण बेअरिंगपेक्षा ते स्वस्तच. रॉकेल किंवा डिझेलने धुण्याचा सल्ला मात्र ऐकू नका. ते ॲक्सलच्या नळ्यांमध्ये आणि रोलरच्या मागे साचून राहतं आणि नव्या तेलाला पातळ करतं. हे काम पुढच्या रविवारवरही ढकलू नका. गाडी उभी राहिली की पाणी लागलेल्या रोलरवर गंजाचे खड्डे पडतात आणि मग वेगात कायमची घरघर मागे लागते.

बहुतेक डिफरेन्शियलना जीएल-५ दर्जाचं ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० (तेलाच्या दाटपणाचे ग्रेड) चालतं. लिमिटेड स्लिप (एक चाक नुसतं गरगरू न देणारं डिफरेन्शियल) असेल तर त्याचं ॲडिटिव्ह लागतं. उरलेलं तेल गिअरबॉक्समध्ये ओतण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. तिथे जीएल-४ सांगितलं असेल तर काही जीएल-५ तेलांतली रसायनं सिंक्रोच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगांना खातात. फिलरच्या खालच्या कडेवरून तेल ओघळायला लागलं की थांबा, वॉशर नवे टाका.

आता मूळ रोगावर उपाय. ब्रीदरची टोपी काढून त्या जागी नळीचा निपल बसवा आणि ६ किंवा ८ मिमीची इंधनाची रबरी नळी बॉनेटखाली, फायरवॉलच्या वरच्या कडेपर्यंत न्या. ॲक्सल पूर्ण लोंबकळला तरी ताण बसणार नाही इतकी सैल ठेवा, पण मध्ये झोळ नको. तिथे तेल साचून नळी पुन्हा बंद होते. टोकाला छोटा फिल्टर लावा, तोंड खाली. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारा डबा) ब्रीदरनाही हीच सोय करा.

प्रश्न : २ इंचांची लिफ्ट (गाडी उंच करणारं सस्पेन्शन) आणि मोठे टायर टाकल्यापासून ७०च्या वेगात खड्डा लागला की पुढची चाकं आणि स्टिअरिंग पिसाटल्यासारखं हलतं. पुढे सॉलिड ॲक्सल आहे. नवा स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा दांडा) टाकू का?

उत्तर : डॅम्पर सगळ्यात शेवटी. तो दुखणं झाकतो आणि काही दिवसांत स्वतः मरतो.

सुरुवात पाण्याच्या पाइपने करा. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल एवढ्यानेही बॅलन्स बिघडतो, आणि हे इतकं साधं आहे की कोणी बघतच नाही. त्यानंतर चाकं जमिनीवर, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ओंडके. सोबत्याला स्टिअरिंग मधल्या जागेपासून थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायला सांगा आणि तुम्ही बाजूने पॅनहार्ड रॉडच्या (ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणारा दांडा) दोन्ही टोकांवर नजर ठेवा. बोल्ट भोकात सरकताना दिसला तर चोर सापडला. भोक अंडाकृती झालं असेल तर नुसतं आवळून भागणार नाही, ब्रॅकेट दुरुस्त करावं लागेल. तसंच टाय रॉड एंडवर (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) बोट टेकवून ठेवा. टकटक डोळ्याआधी बोटाला कळते.

मग चाक उचलून गाडी स्टँडवर घ्या आणि टायर वर-खाली धरून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गायब झाला तर व्हील बेअरिंग. राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा.

हे सगळं ठीक असेल तर कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) मोजून घ्या. लिफ्टमुळे तो कमी होतो आणि चाकांची आपोआप सरळ होण्याची ताकद घटते. पाटे असतील तर पाचर घालून आणि कॉइल असतील तर लांब आर्म किंवा ऑफसेट बुश टाकून तो परत मिळवता येतो.

लिफ्ट बसवताना हमखास होणारी चूक म्हणजे रबरी बुशचे बोल्ट ॲक्सल लोंबकळत असतानाच पक्के आवळणं. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट सैल ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, मग टॉर्क रेंच लावा. ॲक्सल पूर्ण खाली असताना ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, तेही बघून घ्या.

प्रश्न : ५५ वॅटचे दोन जादा दिवे लावले आणि डॅशबोर्डवरचा स्विच वितळला.

उत्तर : दोन्ही मिळून ११० वॅट, म्हणजे साधारण ९ ॲम्पिअर, थेट स्विचमधून गेले. रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) लावा. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत १५ ॲम्पिअरचा फ्यूज, तिथून २.५ चौरस मिमीची वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून दिव्यांना. स्विचची बारीक वायर ८६ ला, ८५ अर्थला. अर्थ रंगावर नको, पत्रा घासून उघडा करा. फ्यूज दिव्याजवळ ठेवलात तर मधली अख्खी वायर उघड्यावर पडते. ती कुठे घासली की आगच.

प्रश्न : गिअर पुढे-मागे टाकताना खालून 'कट्' असा आवाज येतो. ग्रीस मारून थांबेल का?

उत्तर : प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून ॲक्सलला ताकद नेणारा दांडा) क्रॉसमध्ये, म्हणजे त्याच्या चौफुली सांध्यात, हाताला प्ले लागत असेल तर नाही, क्रॉस बदला. प्ले नसेल तर चारही टोप्यांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत गन चालवा. स्लिप जॉइंटला (शाफ्ट लांब-आखूड होऊ देणारा सरकता सांधा) मात्र दोन-तीन दाबच पुरेत. तो ठासून भरला की शाफ्टला आखडायला जागा उरत नाही आणि धक्का गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर बसतो.

प्रश्न : २३५/७५ आर १५ च्या जागी ३१ इंची टायर टाकले. स्पीडोमीटर किती चुकेल?

उत्तर : जुन्या टायरचा व्यास ७३३ मिमी, नव्याचा ७८७. फरक ७ टक्क्यांवर. आधी काटा बरोबर असेल तर आता ८० दाखवताना गाडी ८६ने धावतेय. ४.१० गुणोत्तराचा डिफरेन्शियल ३.८२ असल्यासारखा वागेल, म्हणून चढावर गाडी जड वाटते. सर्व्हिसचा हिशेबही बदला : ओडोमीटरवर १०,००० दिसतात तेव्हा गाडी सुमारे १०,७०० पळालेली असते.