‘गेमनंतर’ नावाची यादी

“मॅडम, गेम अजून आलेलाच नाही. मी खेळतही नाहीये. तरी दिवसभर डोक्यात तोच. हे व्यसनच म्हणायचं ना?”

हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. कोणी स्वतःसाठी विचारतं, कधी बायको नवऱ्याबद्दल विचारते, कधी आई मुलाबद्दल. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: प्री-ऑर्डर, म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरून नोंदणी, करून टाकू का थांबू? एक प्रश्न मनाचा आणि दुसरा पैशाचा वाटतो, पण दोन्हींची गाठ बहुतेक वेळा एकाच जागी बसलेली असते. ती गाठ ज्याच्यासोबत बसून मला नीट दिसली, त्याची ही गोष्ट. त्याला विचारूनच लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय तिशीचं. नोकरी ठीक, तब्येत ठीक. “मला अरे-तुरे करा,” असं त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं. फोन टेबलावर पालथा ठेवला आणि पाच मिनिटांत तीनदा उलटून पाहिला. मेसेज पाहत असेल असं मला वाटलं. चौथ्यांदा त्याने फोन माझ्याकडे वळवला. स्क्रीनभर उलटी मोजणी होती. दिवस, तास, मिनिटं आणि खाली पळणारे सेकंद.

तो वाट पाहत होता ग्रँड थेफ्ट ऑटो या व्हिडिओ गेमच्या सहाव्या भागाची. अशा खेळात एक अख्खं शहर आणि त्याच्या भोवतालचा मुलूख खेळणाऱ्याला खुला असतो. कथा बाजूला ठेवून नुसतं भटकलं तरी चालतं, म्हणून त्याला ओपन वर्ल्ड म्हणतात. पाचवा भाग 17 सप्टेंबर 2013 ला आला. सहाव्याचा पहिला ट्रेलर यायला डिसेंबर 2023 उजाडला आणि तो 24 तासांत 9 कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला. गेम 2025 मध्ये येणार असं आधी ठरलं होतं. मग 26 मे 2026 ही तारीख आली. मग 6 नोव्हेंबर 2025 ला पुन्हा नवी घोषणा झाली, 19 नोव्हेंबर 2026. त्यानंतर आठवड्याभरात तो माझ्यासमोर बसला होता.

व्यसनाच्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच दिलं, कारण त्या शब्दाने तो खरंच घाबरला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, गेमिंग डिसऑर्डरची नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळाला वरचढ स्थान मिळणं आणि नुकसान होत असूनही खेळत राहणं, अशी तिची लक्षणं आहेत. हे साधारण वर्षभर चाललेलं असावं आणि घर, काम, नाती यांत त्याची ठळक झळ दिसावी, असंही त्यात आहे. हा मुलगा आठवड्यातून दोन संध्याकाळी खेळायचा आणि वेळेत झोपायला जायचा. वाट पाहणं हा आजार नाही, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याचे खांदे जरा सैल झाले.

पण त्याला काहीतरी टोचत होतं, हे खरं होतं. म्हणून विचारलं, “तारीख पुढे गेल्याचं वाचलंस तेव्हा काय झालं?”

“डोकंच सटकलं. दिवसभर कामात लक्ष नव्हतं.”

“आणि रात्री?”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग जरा अपराधी आवाजात म्हणाला, “रात्री झोप लागली. कितीतरी दिवसांनी सलग लागली.”

मला वाटतं, त्या तासाभरातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच होतं. ज्या गोष्टीसाठी जीव टांगणीला लागलाय ती लांबली की माणसाने तळमळायला हवं. याला मात्र सुटल्यासारखं झालं होतं. कशातून सुटला, ते त्यालाही सांगता येईना. पुढच्या वेळी येताना, त्या तारखेला जे जे टांगून ठेवलंय ते सगळं लिहून आण, असं मी सुचवलं. तो म्हणाला, लिहायला कशाला हवं, लिहिलेलंच आहे.

त्याच्या फोनमध्ये एक नोंद होती. नाव ‘गेमनंतर’. पहिला ट्रेलर आला त्या आठवड्यात सुरू केलेली. सुरुवातीला तिच्यात ‘हार्ड डिस्क रिकामी करणे’ आणि ‘रजेचा अर्ज’ एवढंच होतं. पण खाली सरकत गेलं तसं वेगळंच काही दिसायला लागलं. दाढ दाखवणे. चष्म्याचा नंबर. ऑफिसात दुसऱ्या विभागात बदली मागणे. घर बदलणे. सगळ्यांत शेवटी एका ओळीत फक्त एक अक्षर होतं: ‘स.’

दाढ दोन वर्षं ठणकत होती. तिचा गेमशी काय संबंध, असं विचारल्यावर तो म्हणाला, “संबंध नाही. पण एकदा तो येऊन गेला की मग नीट सगळं हातात घेईन, असं वाटायचं.” तारीख पुढे सरकली की अख्खी यादी तिच्याबरोबर सरकायची. झोप त्यामुळेच लागली होती. बदली मागायला आणखी जवळपास सहा महिने मिळाले होते.

हे सगळं आपल्यापैकी कोणीही करतं. कोणी लग्नसराई संपू दे म्हणतं, कोणी परीक्षा होऊ दे म्हणतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र गेमच्या बाबतीत एक गोष्ट जास्तीची असते. उत्सुकता टिकून राहावी म्हणून तिला पद्धतशीरपणे खतपाणी घातलं जातं. ट्रेलर, मग महिनोन् महिने शांतता, मग एखादं चित्र, मग पुन्हा शांतता.

मेंदूचं यावर काय होतं ते मी त्याला मेंदूशास्त्रज्ञ वोल्फराम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून समजावलं. माकडाला आधी एक खूण दाखवायची आणि मग रसाचा घोट द्यायचा. सुरुवातीला मेंदूतल्या डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या पेशी रस मिळाल्यावर चेततात. खुणेनंतर रस येतो हे एकदा उमगलं की त्या खूण दिसताच चेततात आणि रस मिळतो तेव्हा शांत असतात. ठरल्या वेळी रस आलाच नाही तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाते. मेंदूच्या अभ्यासात हवंसं वाटणं आणि आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी मानतात, हेही सांगितलं. “म्हणजे ट्रेलर पाहताना जी उकळी फुटते ती गेम चांगला असल्याची खूण नाही?” त्याने विचारलं. नाही. ती येणाऱ्या गोष्टीची चाहूल आहे. चाहुलीचा आनंद खरा असतो आणि तो मनसोक्त घ्यावा. फक्त तिच्या भरात पाकिटाला हात घालू नये.

आता खरेदीकडे वळते, कारण इथे मला बरंच सांगायचं आहे.

त्याच्याकडे पीसी होता. सहावा भाग जाहीर झाला तो प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस या कन्सोलांसाठी, म्हणजे खास गेम खेळायच्या यंत्रांसाठी. पीसीचं नाव त्यात नव्हतं. पाचवा भाग पीसीवर यायला एप्रिल 2015 उजाडला होता, म्हणजे दीड वर्षाहून जास्त वेळ गेला होता. त्यामुळे त्याचा खरा निर्णय गेमचा नव्हताच, नव्या कन्सोलचा होता. कन्सोल कार्टमध्ये टाकून तो रोज रात्री बघायचा, काढायचा आणि पुन्हा टाकायचा. मी एवढंच विचारलं की मेमध्ये गेम येणार म्हणून तू तो आधीच घेतला असतास, तर आज काय झालं असतं? “खोक्यात जुना झाला असता,” तो म्हणाला. गेम बाजारात येईपर्यंत यंत्र घ्यायचं नाही, हे त्याने तिथेच ठरवलं.

प्री-ऑर्डरचं मूळ साध्या टंचाईत आहे. दुकानात डिस्का मोजक्या यायच्या, आधी नाव नोंदवलं नाही तर हात हलवत परतावं लागायचं. डाउनलोड करून घ्यायची प्रत कधीच संपत नाही. आधी पैसे भरून मिळतं ते प्री-लोड, म्हणजे गेम अगोदर उतरवून ठेवायची सोय. ज्याचं इंटरनेट मंद आहे त्याला ती खरोखर उपयोगी पडते, कारण हे गेम शंभर जीबीच्या पुढे सहज जातात. पण त्यासाठी कित्येक महिने आधी पैसे अडकवायची गरज नसते. शिवाय महागडी आवृत्ती घेतली तर काही दिवस आधी खेळायला मिळतं. 2023 मध्ये स्टारफील्ड या गेमचं असंच झालं, जास्त पैसे भरणाऱ्यांना पाच दिवस आधी प्रवेश होता. याला मी घाईची किंमत म्हणते. ज्याला परवडते आणि हवी आहे त्याने जरूर द्यावी, फक्त आपण कशाचे पैसे देतोय हे ओळखून द्यावी.

परतीचे नियमही आधीच वाचावेत. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मागता येतात. ओपन वर्ल्डमध्ये दोन तास म्हणजे काहीच नाही. रेड डेड रिडेम्प्शन 2 या गेममध्ये बर्फातला पहिला अध्याय संपेपर्यंतच तेवढा वेळ जातो, खरं जग त्यानंतर उघडतं. प्लेस्टेशनच्या दुकानात तर एकदा डाउनलोड सुरू केलं की नुसतं मन बदललं म्हणून पैसे परत मिळत नाहीत.

आणि सायबरपंक 2077 चं उदाहरण मी प्रत्येकाला देते. 2020 मध्ये तीनदा पुढे ढकलला गेलेला हा गेम अखेर 10 डिसेंबरला आला. आधी छापून आलेली परीक्षणं पीसीवरची होती. जुन्या कन्सोलवर तो कसा रखडतो हे लोकांना विकत घेतल्यावर कळलं, आणि आठवड्याभरात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने तो आपल्या दुकानातून काढून पैसे परत द्यायला घेतले. 2023 च्या सप्टेंबरपर्यंत, 2.0 अपडेटनंतर, त्याच गेमचं लोक भरभरून कौतुक करत होते. म्हणून परीक्षण वाचायचंच तर आपल्याकडे जे यंत्र आहे त्यावरचं वाचावं. थांबलेल्या माणसाला अनेकदा जास्त चांगला गेम मिळतो.

हे सगळं त्याला पटलं. पहिल्या दिवशी घ्यायचा नाही, एवढं वगळता. तिथे तो अडून बसला. कितीही समजावलं तरी म्हणे, “पहिला दिवसच हवा.” स्पॉयलरची, म्हणजे कथा आधीच कोणीतरी फोडेल याची, भीती आहे का? नाही. मित्रांच्या गप्पांत मागे पडशील असं वाटतं का? तेही नाही. मग मी त्या शेवटच्या ओळीकडे बोट दाखवलं.

‘स’ हा त्याचा कॉलेजातला मित्र. 2013 मध्ये पाचवा भाग दोघांनी मिळून खेळला होता. ऑक्टोबरात ऑनलाइन भाग सुरू झाला तेव्हा रात्र-रात्र एकाच गाडीत बसून ते त्या खोट्या शहरात फिरायचे आणि बोलायचे मात्र खऱ्या आयुष्याबद्दल. मध्ये पैशांवरून काहीतरी झालं आणि चार वर्षं बोलणं बंद. “तो पहिल्या दिवशी ऑनलाइन असणारच. त्याच्या यादीत माझ्या नावासमोर हिरवा ठिपका दिसला पाहिजे. मग तोच काहीतरी बोलेल.”

इथे माझं चुकलं. मी म्हटलं, “मित्राला फोन करायला गेम कशाला हवा? आजच कर.” वाक्य बरोबर होतं, पण घाईने बोलले गेले. पुढच्या भेटीला तो आलाच नाही. त्यानंतरच्या वेळी आला तेव्हा शांतपणे म्हणाला, “मॅडम, कारण नसताना फोन करता आला असता तर चार वर्षं गेली असती का?”

त्याचं खरं होतं. तुटलेल्या जागी परत जायला निमित्त लागतं, आणि निमित्त शोधणारा माणूस पळपुटा नसतो. त्याची मी मनापासून माफी मागितली. मग आम्ही दोघांनी मिळून इतकंच पाहिलं की निमित्त म्हणून गेमच यायला हवा, असं काही आहे का.

यादीचे त्याने दोन भाग केले. ज्या गोष्टींना गेम खरोखर लागतो त्या एका बाजूला घेतल्या. तशा दोनच निघाल्या, डिस्क आणि रजा. दहा दिवसांची रजा त्याने स्वतःहून तीनवर आणली. दाढेचं काम डिसेंबरात झालं, तेही रूट कॅनालवर गेलं, कारण उशीर झाला होता. बदलीचा अर्ज अजून दिलेला नाही, मीही मागे लागलेली नाही. उलटी मोजणी स्क्रीनवरून काढली, ट्रेलर मात्र तो आजही बघतो आणि मला थांबवून थांबवून सांगतो की मागच्या पाण्यावर प्रकाश कसा पडलाय ते बघा. पहिल्या दिवशी गेम घ्यायचा का, हा निर्णय त्याने मोकळा ठेवलाय. आता तो घेतला तरी मला काळजी नाही.

जानेवारीत एकदा तो आला तो बसायच्या आधीच फोन पुढे करत. आदल्या रात्री त्याने ‘स’ला एक ओळ पाठवली होती: “तारीख परत पुढे गेली.” बातमी दोन महिने शिळी होती.

खाली उत्तर होतं, रात्री एक वाजून दहा मिनिटांनी आलेलं.

“माहितीये. मी मेची रजा टाकून बसलो होतो. तू?”