‘भात बंद’ लिहिण्याआधी

पुणे,
आषाढ अखेर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

वजन उतरवायला येणाऱ्या पेशंटांसाठी तू केलेला आहाराचा तक्ता दोनदा वाचला. अक्षर सुरेख, मांडणी नेटकी, आणि नऊ ठिकाणी एकच शब्द: बंद. साखर, मैदा आणि खारी बंद लिहिलंयस, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण भात, बटाटा, पोहे, साबुदाणा, रताळं आणि रात्रीची पोळी, या सहांबद्दल बोलायचं आहे. फोनवर तू लगेच ‘हो मॅडम’ म्हणून मोकळी होतेस, म्हणून पत्र.

हाच तक्ता मीही लिहायचे. आहारतज्ज्ञ म्हणून नवी नवी प्रॅक्टिस होती, कसब्यातल्या एका वाड्यातून एक बाई यायच्या. त्यांचा भात मी एका फटक्यात तोडला. पहिल्याच आठवड्यात काटा दोन किलोंनी खाली. बाई इतक्या खूश की मला पेढे घेऊन आल्या. मीही खूश, पेढा खाल्लासुद्धा. तिसऱ्या आठवड्यात काटा हलेना, चौथ्यात बाई येईनात. पुढे दिवाळीच्या तोंडावर मंडईत दिसल्या आणि मला बघून भाजीच्या गाळ्याआड वळल्या. मी गाठलंच. म्हणाल्या, “काय करू मॅडम, भात काही सुटत नाही. तोंड कुठल्या तोंडानं दाखवू?” तक्ता माझा आणि लाज त्यांना, हे मला तेव्हा फार लागलं.

ते दोन किलो कुठून गेले, हे तुला पाठ आहे, पण पेशंटला तू ते सांगत नाहीस. सांग. भात, पोळी, बटाटा यांतल्या पिठूळ भागाची, म्हणजे स्टार्चची, पोटात साखर होते आणि तिचा काही भाग यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठतो. सगळा मिळून साठा चार-पाचशे ग्रॅमचा, आणि दर ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं. भात-पोळी तोडली की साठा उपसला जातो, पाणी लघवीवाटे जातं आणि काटा दीड-दोन किलो कमी दाखवतो. त्यात चरबी थोडीच. मग कुणाच्या तरी मुंजीत माणूस दोन वेळा नीट जेवतो, पाणी परत येतं, आणि त्याची खात्री पटते की एका वाटीभर भातानं आपण दोन किलो वाढलो. भाताची बदनामी निम्मी या पाण्यामुळे आहे.

आता बटाटा. उकडलेल्या बटाट्यात जवळजवळ चार पंचमांश पाणीच असतं. शंभर ग्रॅमला 87 कॅलरी, शिजलेल्या भाताला 130 च्या आसपास. 1995 मध्ये सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 38 पदार्थ घेतले, प्रत्येकाचा सारख्याच कॅलरींचा वाढा लोकांना दिला आणि पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते विचारलं. पांढऱ्या पावाला 100 गुण धरले, तर उकडलेला बटाटा 323 वर गेला. सगळ्यांत वर तोच. सगळ्यांत खाली क्रॉसाँ, म्हणजे लोण्याचा पापुद्रेदार पाव, 47. आपल्या खारीला त्यांनी तपासलं नव्हतं, पण ती त्याच कुळातली. अमृततुल्यमध्ये चहाबरोबर दोन खाऱ्या खाऊन कुणाचं पोट भरलेलं मी तरी पाहिलं नाही.

तोच बटाटा वड्यात गेला, बेसनात बुडाला, कढईत उतरला, की त्याची गोष्ट बदलते. स्टार्च ग्रॅमला चार कॅलरी देतो, तेल नऊ. म्हणून पेशंटला ‘भात किती खाता’ हे नंतर विचार. आधी विचार, “महिन्याला तेल किती लागतं आणि घरात माणसं किती?” चार माणसांत पाच लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज 38 ग्रॅमच्या आसपास पडतं. झाल्या साडेतीनशे कॅलरी. पावणेदोन वाट्या भाताएवढ्या, आणि पानात कुठं दिसतही नाहीत. तुपाची धार, दाण्याचं कूट आणि ओल्या खोबऱ्याची मूठ यांचा हिशेब वेगळा. आपल्याकडे गृहिणीचा हात सैल असणं हे कौतुक आहे, त्यामुळे हा प्रश्न जपून विचारायचा. सासूसमोर तर विचारूच नको.

श्रावण तोंडावर आला आहे. सोमवार, शनिवार, मध्ये संकष्टी. तुझ्याकडच्या निम्म्या बायका उपास धरतील आणि तू साबुदाणा बंद लिहून बसशील. एकादशी दुप्पट खाशी हे आपण हसत म्हणतो, पण एकदा खिचडीचं गणित मांडून बघ. एका मोठ्या बशीत कोरडा साबुदाणा साधारण 70 ग्रॅम: 245 कॅलरी. बटाटा 50 ग्रॅम: चाळीस-पंचेचाळीस. कूट 30 ग्रॅम: 170. तूप एक मोठा चमचा: 130. बेरीज 590 च्या आसपास, आणि त्यातली निम्मी कूट-तुपाची. साबुदाण्याची मी वकिली करत नाही. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, त्यात प्रथिनं नावालासुद्धा नाहीत, आणि उलट कूट काढून टाकलंस तर त्या बशीत होती नव्हती तेवढी प्रथिनंही जातील. म्हणून कूट ठेव, तूप लहान चमच्यावर आण, बशी लहान कर, सोबत काकडीची दह्यातली कोशिंबीर दे. भगर आणि ताकाची आमटी चालणाऱ्या घरी ती सुचव. दुपारी उकडलेलं रताळं सालीसकट खाऊ दे. रताळं बंद का लिहिलंस ते मला खरंच कळलं नाही. गोड लागतं म्हणून? जपानच्या ओकिनावा बेटावरची जुनी पिढी, जी दीर्घायुष्यासाठी जगभर ओळखली जाते, तिच्या जेवणातल्या निम्म्याहून अधिक कॅलरी रताळ्याच्या होत्या.

आता तुझी बाजू. आपल्या पानात धान्य जास्त आहे, हे तुझं म्हणणं खरं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांतही तेच आहे: आपल्या लोकांच्या कॅलरींत धान्यांचा वाटा 50 ते 70 टक्के, तो 45 पर्यंत आणावा. पण 45 म्हणजे शून्य नव्हे. निम्म्याला थोडं कमी. हे मीठ-लिंबाच्या बाजूनं पान वाढून साधतं. आपलं जुनं पान आठव. मध्ये भाताची मूद, तीही वाटीनं पाडलेली, म्हणजे माप आपोआप. उजवीकडे भाजी, उसळ. डावीकडे कोशिंबीर, चटणी. आता डावी बाजू लोणच्याच्या एका फोडीवर आली आहे, उजवीकडची उसळ सणावारी होते, आणि मूद जाऊन डावानं ढीग आला. तू ढिगाची परत मूद कर, आणि जागा मोकळी होईल तिथं मोड आलेली मटकी, घट्ट वरण, दही, अंडं, मासे, जे त्या घरी चालतं ते आण. नुसता भात कमी केलास आणि बाजूला काही वाढलं नाहीस, तर माणूस साडेपाचला बिस्किटांच्या पुड्यापाशी सापडेल.

हे सगळ्यांत अवघड पडतं ते सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांना. तुझ्याकडे ती येतीलच, दोन वर्षं अभ्यासिकेत बसून पोट सुटलेली. मेसमध्ये पोळी आणि भात हवा तेवढा, आमटीत डाळ शोधावी लागते, भाजी बटाट्याची किंवा कोबीची, नाही तर दोन्हींची. स्टार्च स्वस्त, म्हणून तोच पोटभर मिळतो. त्या मुलाला ‘पोळी बंद’ सांगितलंस तर तो खाणार काय? त्याला बदाम आणि किनोआ सांगू नकोस, तो मान डोलावेल आणि परत येणार नाही. दोन उकडलेली अंडी, मूठभर फुटाणे, एक वाटी दही, खोलीवर भिजवलेली मटकी, हे त्याच्या खिशात बसतं. ते आधी खा आणि मग मेसच्या दोनच पोळ्या घे, एवढंच सांग. आणि संध्याकाळी पर्वती एकदा चढायची.

भाकरीचं मात्र तुझ्या तक्त्यात भलतंच कौतुक आहे. ‘दोन पोळ्यांऐवजी दोन भाकरी.’ अगं, ज्वारीचं पीठ आणि गव्हाचं पीठ, शंभर ग्रॅमला कॅलरी जवळपास सारख्याच. पोळीला तीसेक ग्रॅम पीठ लागतं, बऱ्यापैकी भाकरीला साठ ते ऐंशी. दोन पोळ्यांऐवजी दोन भाकरी दिल्यास तर पीठ दुप्पट झालं. भाकरीला तेल लागत नाही, चावायला वेळ लागतो, पोट जड राहतं, मालदांडी ज्वारीची असली तर चवीला तोड नाही, हे सगळं खरं. म्हणून एक भाकरी लिही. अर्धीही पुरते, जाड थापणाऱ्या घरी.

गार भात वजनाला बरा का, असं विचारलं होतंस. शिजलेला भात किंवा बटाटा गार झाला की त्यातला थोडा स्टार्च न पचणारा होतो, बरोबर आहे. पण फरक लहान, आणि आपण तो गार भात सकाळी फोडणीला टाकतो. सोडून दे तो विषय.

जिथं तुझा ‘बंद’ बऱ्याच अंशी योग्य, तेही लिहिते. मधुमेह असेल तर स्टार्च किती आणि कशाबरोबर, याला फार महत्त्व येतं आणि तिथं हात आखडता घ्यावाच लागतो. पण पेशंट इन्सुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांवर असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिचा भात एक घासानंही कमी करू नकोस. औषध तेवढंच आणि जेवण निम्मं झालं तर साखर धोक्याइतकी खाली जाते. तक्त्याच्या पहिल्याच ओळीत औषधं लिहून घ्यायची सवय लाव. तुझ्या तक्त्यात ती ओळच नाही.

आणि काही लोकांना धान्य जवळजवळ सोडूनच बरं वाटतं. भूक आटोक्यात राहते, वर्षानुवर्षं निभतं. त्यांना तू ओढून भात खायला लावू नकोस. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटानं 609 माणसं वर्षभर पाहिली, 2018 मध्ये छापलं. निम्म्यांनी स्निग्ध पदार्थ कमी केले, निम्म्यांनी कर्बोदकं, म्हणजे स्टार्च आणि साखर. भाज्या भरपूर आणि साखर-मैदा कमी, हे दोघांनाही सांगितलेलं. वर्षाअखेर सरासरी घट 5.3 किलो आणि 6 किलो, म्हणजे फरक नाहीच म्हण. मला त्यातली सरासरी तितकी आठवत नाही, जितकं हे आठवतं की दोन्ही गटांत कुणी वीस किलोंहून जास्त उतरलं आणि कुणी चक्क वाढलं. समोरची बाई त्यातली कोण, हे तिला दोन महिने पाहिल्याशिवाय तुला कसं कळणार?

पाहायचं ते नुसत्या काट्यावर नाही. आपल्याच पुण्यातल्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. आपण दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचे, स्नायू मुळातच कमी. अशा माणसाला उपाशी ठेवून वजन उतरवलंस तर आहेत ते स्नायूही जातील. म्हणून टेप ठेव. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटर, बायकांची 80, याच्या वर गेली की लक्ष द्यायचं. काटा थांबला आणि टेप उतरतेय, तर त्या बाईला पेढा तू दे. अर्धा.

एक गोष्ट तुला कुणी सांगणार नाही. पेशंटला कडक तक्ता आवडतो. ‘मॅडमनी भात बंद केलाय’ हे वाक्य भिशीत सांगायला भारदस्त वाटतं. ‘मॅडमनी तेल मोजायला सांगितलंय आणि मूद पाडायला’ हे कुणी मैत्रिणीला अभिमानानं सांगत नाही. सुरुवातीला तुझ्याकडे गर्दी कमी होईल, समोरच्या गल्लीतल्या कडक बाईंकडे जास्त. माझीही झाली होती. भाडं निघेल एवढं येतंच.

तक्ता परत पाठवते आहे. सहा ‘बंद’ खोडले आहेत, पुढं मापाची जागा कोरी सोडली आहे, ती तू भर. कुठलंही माप पुस्तकातून घेऊ नकोस, घरात शिजवून, वाढून, काट्यावर ठेवून घे. रविवारी इकडे ये, इंद्रायणीचा भात लावते आणि मटकी आजच भिजत घालते. येताना तुझा स्वयंपाकघरातला काटा घेऊन ये, माझ्या काट्याचा सेल गेला आहे.

तुझी,
मॅडम