क्लिनिकलला नंबर नाही लागला तर गावातलं काम संपलं का?

तुझं पत्र वाचलं. सायकॉलॉजीचं शेवटचं वर्ष, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या समाजांच्या खेड्यांत काम करायची इच्छा, आणि क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पुढच्या शिक्षणाला नंबर नाही लागला तर सगळं संपलं ही भीती. नाही संपत गं. सायकियाट्रिक सोशल वर्क आहे, सायकियाट्रिक नर्सिंग आहे, आणि गावपातळीवर तर मला सोशल वर्कवालेच जास्त कामाचे वाटतात, त्यांना कर्ज, जमीन, घरातली भांडणं हे सगळं धरून माणूस बघायची सवय असते.

पण डिग्रीच्या आधी कान तयार कर. खेड्यात कोणी "मला डिप्रेशन आलंय" म्हणत येत नाही, डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, कशात जीव लागत नाही असं सांगतात, झिम्बाब्वेत शोना भाषेत कुफुंगिसिसा म्हणतात म्हणजे अति विचार करणं, आणि तिथल्या फ्रेंडशिप बेंचवाल्यांनी, म्हणजे गावच्या आज्या बाकावर बसून लोकांचं दुःख ऐकतात त्या उपक्रमानं, तोच शब्द धरून काम उभं केलं. प्रश्नावली नुसती भाषांतर करून नेलीस तर माणसं मान डोलावतील आणि हाती काही लागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांचे पेशंटला विचारायचे 8 प्रश्न आत्ताच पाठ कर, या त्रासाला तुम्ही काय म्हणता, कशामुळे झाला असं वाटतं, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, असे साधेच आहेत.

पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत काय झालं बघ. गावातल्याच लेडी हेल्थ वर्कर डिप्रेशन असलेल्या गरोदर बायकांच्या घरी जायच्या, बाळंतपणानंतरही जात राहायच्या, पण विषय काढायच्या बाळाच्या तब्येतीचा, त्यामुळे घरचे आडवे आले नाहीत. 2008 साली या प्रयोगाचा निकाल छापून आला, बाळ 6 महिन्यांचं झालं तेव्हा अशा भेटी मिळालेल्या गटात 23 टक्के बायकांना डिप्रेशन होतं, नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्या गटात 53 टक्के. त्या हेल्थ वर्करमधली एकही मानसोपचारतज्ज्ञ नव्हती!

आणखी एक, भाषा येत नसेल तर घरच्या माणसाला, विशेषतः मुलाला दुभाष्या करू नकोस, नवऱ्यासमोर किंवा लेकरासमोर बाई खरं बोलणारच नाही. मांत्रिकाशी भांडत बसू नकोस, लोक आधी तिकडेच जातात, त्यालाच सांग की असा पेशंट दिसला की आमच्याकडेही पाठव, पण कोणाला बांधून ठेवलं असेल, मारलं असेल तर तिथे अजिबात गप्प बसायचं नाही.

नोकरी बघताना पगाराच्या आधी विचार की दर आठवड्याला सुपरव्हिजन देणारं, म्हणजे तुझ्या केसेसवर तुझ्याशी बसून बोलणारं अनुभवी माणूस, कोणी आहे का. नसेल तर ती नोकरी घेऊ नकोस, दिवसभर दुसऱ्यांचं दुःख ऐकून एकटीनं खोलीवर परतणं फार जड जातं.