मदत करायला गेले आणि दीरच ओरडला, आता बोलायचीच भीती वाटते

(ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

व्हीलचेअरवरच्या माणसाशी वागताना आपलं काही चुकलं तर, ही भीती माझ्याकडे बहुतेकदा घरातलीच माणसं घेऊन येतात. चाळिशीच्या एक बाई आल्या होत्या. धाकट्या दिराला बाईक अपघातात मणक्याला मार लागला, पाय गेले, तेव्हापासून व्हीलचेअर. नात्यातल्या लग्नात सगळे फोटोसाठी स्टेजकडे निघाले तर यांनी मागून येऊन खुर्ची ढकलायला घेतली, आणि भाऊजी सगळ्यांसमोर ओरडले, "वहिनी, आधी हात काढा!" त्यानंतर ह्या त्यांना टाळायलाच लागल्या. "मी मदतच करत होते ना हो?"

मी त्यांना त्या दिवशीचं सगळं सकाळपासून सांगायला लावलं. हॉलला रॅम्प होता पण मागे, स्वयंपाकघराच्या बाजूला, आणि इतका चढा की चौघांनी उचलून आणलं. एक फूट उंची चढायला निदान बारा फूट लांब उतार लागतो, तिथे चार फुटांत उरकलेलं. टॉयलेटच्या दारातून खुर्ची जात नव्हती म्हणून भाऊजी सकाळपासून पाणीच प्यायले नव्हते, आणि मणक्याच्या पेशंटला आधीच युरीन इन्फेक्शनचा धोका जास्त, त्यात हे. वाढणारा भाऊजींच्या बायकोला विचारतोय "ह्यांना गोड चालतं का", कुणीतरी आहेराची जड पिशवी खुर्चीच्या हँडलला अडकवलीये, ज्याने खुर्ची मागे कलंडू शकते. आणि मग मागून न सांगता धक्का. त्यांचे हात तेव्हा चाकावर असतील तर बोटं अडकतात, कमरेत ताकद नसेल तर माणूस पुढे तोंडावर पडतो. हे सांगितल्यावर त्या बराच वेळ रडल्या.

मी म्हटलं, समोर येऊन विचारायचं, "हात लावू का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. नको म्हणाले तर नको, तो तुमचा अपमान नाही. हो म्हणाले तर कुठे धरू तेही त्यांनाच विचारा, कारण बऱ्याच खुर्च्यांचे आर्मरेस्ट निघतात, तिथे धरून उचललं की हातात येतात. तीव्र उताराला खुर्ची उलटी, मागच्या बाजूने उतरवायची. बराच वेळ बोलायचं असेल तर खुर्ची ओढून बसा समोर. आणि "चला जरा फिरून येऊ" म्हणायला अजिबात घाबरू नका, ते स्वतःही तसंच म्हणतात.

पण एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली. सगळ्यांसमोर ओरडल्याचं तुम्हाला लागलंय, तेही त्यांना सांगा. व्हीलचेअरवर आहेत म्हणून सगळं पोटात घालायचं हे पण त्यांना बाजूलाच काढणं झालं, दुसऱ्या कुठल्या दिराला तुम्ही ऐकवलंच असतं ना?

त्यांनी फोन केला. भाऊजींनी सॉरी म्हटलं, मग त्या दिवशी पाणी न प्यायल्याचा विषय त्यांनी स्वतःहूनच काढला.

पुढच्या महिन्यात घरात मुंज होती. दोघांनी मिळून हॉल बघितले, टेप घेऊन, टॉयलेटचं दार नव्वद सेंटीमीटर हवं असं भाऊजींनी सांगितलेलं. एक मॅनेजर म्हणाला आमचा हॉल प्रायव्हेट आहे, आम्हाला लागू नाही. लागू आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात लोकांच्या वापरातली खासगी इमारतही येते. बाईंनी हे त्याला तिथेच ऐकवलं आणि बुकिंग दुसरीकडे केलं.