सत्तर गुण काढून हरलेला माणूस

प्रश्न थोडक्यात असा आहे: डेव्हिन बुकर या बास्केटबॉलपटूने एका सामन्यात ७० गुण काढले, तरी संघ हरला आणि प्लेऑफलाही (हंगामाअखेर विजेतेपदासाठी होणाऱ्या फेऱ्यांनाही) गेला नाही, मग अशा खेळाडूला मोठं का म्हणायचं? तुमच्या चुलतभावाचं म्हणणं, 'भंगार संघात असलं की कोणीही तीस काढेल.' आणि शेवटी तुम्ही विचारलंय, संघ बाहेर पडल्यात जमा असेल तर एप्रिलमध्ये पहाटे उठून त्याचे सामने बघावेत का. मी वीसेक वर्षं एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगपायी झोप घालवतोय, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी भावाची बाजू घेतो, कारण ती अगदीच खोटी नाही. २४ मार्च २०१७, बोस्टन. आपल्याकडे शनिवारची पहाट. बुकरचा फिनिक्स सन्स सामना १३०-१२० असा हरला. शेवटच्या काही मिनिटांत सामना हातातून गेलेला असताना फिनिक्सच्या प्रशिक्षकाने टाइमआउट घेतले, मुद्दाम फाउल करून चेंडू परत मिळवला, का तर पोराचा आकडा वाढावा. बोस्टनची मंडळी वैतागली आणि मला विचाराल तर त्यात त्यांचं काही चुकलं नाही. सामन्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये बुकर '७०' लिहिलेला कागद धरून मधोमध आणि भोवती सगळा संघ हसतोय, असा फोटो आला. बोस्टनच्या जे क्राउडरने त्यावर टोमणा मारला, हरल्यावर इतकी खूश माणसं कधी पाहिली नाहीत, अशा अर्थाचा. सन्सने तो हंगाम २४ विजय, ५८ पराभवांवर संपवला.

पण 'कोणीही' हा शब्द मात्र भावाला मागे घ्यावा लागेल. त्या दिवसापर्यंत एनबीएच्या सगळ्या इतिहासात ७० चा आकडा गाठणारे फक्त सहा जण होते आणि बुकर त्यातला सहावा, वय वर्षं २०. भंगार संघ दरवर्षी सात-आठ असतात. ७० कितींनी काढले?

पुढचं ऐका. २०२० चा हंगाम करोनामुळे मार्चमध्ये थांबला आणि जुलैअखेर ऑर्लँडोच्या बंदिस्त वसाहतीत २२ संघांना बोलावून पुढे सुरू झाला. सन्स तिथे २६ विजय आणि ३९ पराभव घेऊन आले. यांना बोलावलंच कशाला, असं लोक उघड म्हणत होते. त्यांनी आठच्या आठ सामने जिंकले. क्लिपर्सविरुद्ध शेवटच्या क्षणी बुकरने पाठ बास्केटकडे असताना गिरकी घेऊन, क्वाय लेनर्ड आणि पॉल जॉर्ज दोघे अंगावर असताना चेंडू टाकला आणि सामना ११७-११५ असा खिशात घातला. तो फटका मी आजही कधीकधी काढून बघतो.

आठवा विजय १३ ऑगस्टला. पण नववं स्थान, म्हणजे त्या वर्षी आठव्या संघाशी प्लेऑफच्या जागेसाठी खेळायची संधी, मिळायला पोर्टलंड ब्रुकलिनकडून हरायला हवं होतं. १४ ऑगस्टची सकाळ, साडेसहाला सामना सुरू. घरात सगळे झोपलेले, मी आवाज बंद करून बघतोय. पोर्टलंडकडून डेमियन लिलर्डने ४२ काढले, तरी शेवटच्या ताब्याला ब्रुकलिन फक्त एका गुणाने मागे आणि चेंडू कॅरिस लेव्हर्टच्या हातात. त्याने टाकला. चुकला. १३४-१३३. आठपैकी आठ जिंकून सन्स घरी गेले, तेही मेम्फिसइतकेच विजय-पराभव असताना टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरी तोडायच्या नियमावर. त्यानंतरच्या मोसमात संघात ख्रिस पॉल आला. आणखी कोण आलं, तर तोच टोमणा मारणारा क्राउडर! २०२१ मध्ये हे तिघे अंतिम फेरीत खेळत होते. मिलवॉकीकडून ४-२ हरले, पण ते वेगळं. बुकर तोच होता, बाजूचे बदलले.

म्हणून माझी पद्धत अशी की, संघ बाहेर राहिला हे कळल्यावर मी खेळाडूचे आकडे नंतर बघतो. संघ कसा बाहेर राहिला हे आधी बघतो.

यातलं माझं सगळ्यात आवडतं, म्हणजे सगळ्यात जास्त चटका लावणारं उदाहरण रसेल वेस्टब्रुकचं, २०१४-१५ चं. ओक्लाहोमा सिटीचा केव्हिन ड्युरांट पायाच्या हाडामुळे ८२ पैकी २७ सामनेच खेळला. स्वतः वेस्टब्रुकचं हंगामाच्या दुसऱ्याच सामन्यात हाताचं हाड मोडलं. फेब्रुवारीअखेर गालाचं हाड मोडलं. एक सामना बसला, मास्क लावून परत आला आणि फिलाडेल्फियाविरुद्ध ४९ गुण, १६ रिबाउंड (चुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडणं), १० असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारा पास)! त्या मोसमात त्याच्या ११ ट्रिपल डबल (एकाच सामन्यात अशा तीन रकान्यांत दोन अंकी आकडा) झाल्या, सामन्यामागे २८.१ गुण काढून तो लीगमध्ये पहिला आला. आणि संघ? ४५ विजय, ३७ पराभव. न्यू ऑर्लिन्सचंही नेमकं तेवढंच. क्रिकेटवाल्यांनी नेट रनरेट आठवावा. इथे आधी आपसातले सामने मोजतात, आणि त्यात न्यू ऑर्लिन्स ३-१ ने पुढे.

त्या तीन विजयांतला एक ६ फेब्रुवारीचा. ओक्लाहोमा सिटीत ११३-११३ बरोबरी, घड्याळ संपत आलेलं. अँथनी डेव्हिस तीन गुणांच्या रेषेबाहेर, ड्युरांट अंगावर. डेव्हिस उडाला, ड्युरांटचा हात समोर आला, तसा त्याने हवेतच चेंडू खाली घेतला, पुन्हा वर नेला आणि सोडला. आत. ११६-११३. आता गंमत ऐका: डेव्हिसने त्या अख्ख्या हंगामात तीन गुणांचे १२ प्रयत्न केले आणि आत गेला तो हा एकच. हा चुकला असता तर ओव्हरटाइम झाला असता, आणि तो ओक्लाहोमाने जिंकला असता तर टायब्रेकरची वेळच आली नसती. शेवटच्या दिवशी वेस्टब्रुकने ३७ काढून मिनेसोटाला लोळवलं, पण तिकडे न्यू ऑर्लिन्सने सॅन अँटोनियोला हरवलं होतं. खेळ खलास. त्याच वर्षी ईस्टमध्ये (लीगचे ईस्ट आणि वेस्ट असे दोन भाग, दोन्हींच्या प्लेऑफच्या जागा वेगळ्या) ब्रुकलिन ३८ विजयांवर आत!

वेस्ट आणि ईस्टची ही विषमता जुनी आहे. आदल्याच वर्षी, २०१४ ला, फिनिक्स (पुन्हा तेच बिचारे) ४८ सामने जिंकून बाहेर आणि ईस्टमध्ये अटलांटा ३८ जिंकून आत. गोरान द्रागिच त्या वर्षी ऑल-एनबीएच्या (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) तिसऱ्या संघात निवडला गेला आणि प्लेऑफ घरी बसून बघत राहिला.

याहून विचित्र प्रकार हवा असेल तर १९७५-७६. करीम अब्दुल-जब्बार नुकताच मिलवॉकीहून लेकर्समध्ये आलेला. त्याच्यासाठी लेकर्सने चार खेळाडू दिले, म्हणजे शिखर आलं पण पाया विकून. सामन्यामागे २७.७ गुण, १६.९ रिबाउंड, ४.१ ब्लॉक. एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) तोच. तेव्हा एमव्हीपीसाठी मतं पत्रकारांची नसत, खेळाडूंचीच असत. म्हणजे ज्यांना रोज त्याच्याशी झुंजावं लागत होतं त्यांनीच हा सर्वांत भारी असं लिहून दिलं. आणि लेकर्स ४०-४२, प्लेऑफच्या बाहेर. एमव्हीपी होऊन प्लेऑफ न खेळलेला तो एकटाच. कडी म्हणजे ज्या मिलवॉकीने त्याला विकलं ते ३८-४४ असूनही आत गेले, कारण त्यांचा गट दुबळा होता आणि त्यात ते पहिले आले! भावाला हा तक्ता दाखवा आणि विचारा, यात करीमचा दोष कुठला.

आता जिथे भाऊ हसेल ती बाजू. काही वेळा संघ बाहेर राहत नाही, स्वतःच उठून बाहेर जातो. ड्राफ्टची व्यवस्थाच अशी की जितके खालचे, तितकी नव्या पोरांत चांगली निवड मिळण्याची शक्यता. २०२२-२३ मध्ये लुका डॉन्चिच सामन्यामागे ३२.४ गुण काढत होता. डॅलसची पहिल्या फेरीतली निवड न्यूयॉर्कला द्यायची होती, मात्र ती पहिल्या दहात आली तर डॅलसकडेच राहणार होती. ७ एप्रिलला शिकागोविरुद्ध, प्ले-इनची (सातव्या ते दहाव्या संघांतली प्लेऑफसाठीची चढाओढ) आशा अजून शिल्लक असताना, डॅलसने कायरी अर्विंगसह बरेच जण बसवले. त्या रात्री स्टेडियममध्ये स्लोव्हेनियाचा खास कार्यक्रम होता, लुकाच्या देशाचे लोक त्याला बघायला आलेले. तो पहिला क्वार्टर खेळला, दुसऱ्यात जेमतेम अर्धा मिनिट, मग बाकावर. डॅलस ११५-११२ हरला. लीगने साडेसात लाख डॉलरचा दंड ठोकला. निवड दहावी आली, ती डॅलसकडेच राहिली, आणि त्यातून शेवटी डेरेक लाइव्हली मिळाला, जो पुढच्याच वर्षी अंतिम फेरीत खेळला. हिशेब म्हणून बरोबर, पण त्या स्लोव्हेनियन प्रेक्षकांच्या तिकिटाचं काय?

त्याच मोसमात लिलर्डने ह्यूस्टनविरुद्ध ७१ काढले, ३९ मिनिटांत, तीन गुणांचे १३. सरासरी ३२.२. पोर्टलंड ३३-४९. मार्च संपता संपता त्यालाही बसवून ठेवलं.

स्टेफ करीचं २०२१ सगळ्यांना माहीत आहे, तरी एक ओळ. ३२ च्या सरासरीने लीगमध्ये पहिला, संघ आठवा. जुन्या नियमाने थेट आत गेला असता, पण प्ले-इन आलेलं. लेकर्सविरुद्ध लेब्रॉनने ३४ फुटांवरून त्याच्याच डोक्यावरून घातला, दोन दिवसांनी मेम्फिसने ओव्हरटाइममध्ये घरी पाठवलं. हाच लेब्रॉन त्याच महिन्यात, प्ले-इनची कल्पना काढणाऱ्याला नोकरीवरून काढा, असं म्हणत होता.

'रिकामे आकडे' हा शिक्का ज्याच्यावर सगळ्यात जास्त बसला तो केव्हिन लव्ह. मिनेसोटात सहा वर्षं, प्लेऑफ शून्य. शेवटच्या वर्षी २६.१ गुण आणि १२.५ रिबाउंड. क्लीव्हलंडला गेला तर गुण दहाने उतरले, आणि टीकाकारांना वाटलं, बघा, आम्ही म्हणतच होतो. २०१६ च्या अंतिम फेरीचा सातवा सामना, शेवटचं मिनिट, क्लीव्हलंड तीनने पुढे. बदलाबदलीत हा जड अंगाचा लव्ह रेषेबाहेर करीसमोर एकटा सापडला. करी डावीकडे, उजवीकडे, मागे, पुन्हा पुढे. लव्ह घसरला नाही, उडाला नाही, हात वर ठेवून नाचत राहिला. करीला वाकडातिकडा टाकावा लागला, चुकला. त्या वीसेक सेकंदांचा स्कोअरकार्डात कुठेही रकाना नाही.

आपल्या गावाशी जोडलेलाही एक धागा आहे. सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये किंग्ज आणि इंडियाना वरळीच्या डोममध्ये खेळले, भारतातले पहिले एनबीए सामने. दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला मी गेलो होतो. किंग्ज १३०-१०६ असे सपाटून हरले, पण मला आठवतो तो वॉर्मअपमधला बडी हील्ड, कोपऱ्यातून एकामागून एक टाकत होता आणि जाळीचा आवाज वरच्या रांगेत ऐकू येत होता. किंग्ज सलग १६ हंगाम प्लेऑफबाहेर राहिले, एनबीएतला विक्रम. २०२२ मध्ये हील्डला इंडियानाला पाठवलं, बदल्यात साबोनिस आला, आणि पुढच्याच वर्षी किंग्ज आत. इंडियानाने त्याला २०२४ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाला दिलं, आणि इंडियाना थेट कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे ईस्टच्या अंतिम फेरीला. हील्डलाही त्या वर्षी फिलाडेल्फियाकडून प्लेऑफ दिसलं एकदाचं.

टॉम व्हॅन आर्सडेलला तेही नाही. तीनदा ऑल-स्टार, १२ मोसम, ९२९ सामने, प्लेऑफचा एकही नाही; इतके सामने खेळून कोरा राहिलेला दुसरा कोणी नाही. १९६८ मध्ये डेट्रॉइटने त्याला मोसमाच्या मध्यात सिनसिनाटीला दिलं आणि डेट्रॉइट प्लेऑफला गेलं. सिनसिनाटीत ऑस्कर रॉबर्टसन बरोबर होता. तो १९७० ला मिलवॉकीला गेला आणि वर्षभरात चॅम्पियन झाला. टॉमचा जुळा भाऊ डिक फिनिक्समध्ये, सन्सच्या पहिल्या दिवसापासून. १९७६ ला सन्स अंतिम फेरीत. टॉम त्यानंतर फिनिक्सला आला, भावाशेजारी खेळायला. त्या वर्षी सन्सने ३४ सामने जिंकले, ४८ हरले. मोसम संपल्यावर दोघेही भाऊ निवृत्त झाले.

राहिला अलार्मचा प्रश्न. लावा, पण झोपण्याआधी दुखापतींची यादी बघा. मार्च उलटला की 'गुडघ्याला आराम' या सदराखाली निम्मा संघ गायब असतो. आणि हंगामाचा शेवटचा रविवार अजिबात सोडू नका. हल्ली त्या दिवशी सगळे सामने दोन टप्प्यांत होतात. दोन स्क्रीन असतील तर दुसऱ्यावर गुणतक्ता उघडा ठेवा.