घरात लहान नोटा आणि चिल्लर बाजूला टाकून खरंच पैसे साठतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोजच्या खर्चातून उरलेल्या लहान नोटा आणि चिल्लर डब्यात टाकायची सवय लावायची आहे, पण नवरा म्हणतो हा पोरखेळ आहे, त्यापेक्षा सरळ बँकेत टाक. तर यातून खरंच काही साठतं का?

साठतं. मी सहा वर्षं करतेय. पहिलं वर्ष मात्र साफ फसलं होतं, आणि ते का फसलं हेच आधी सांगते, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

कपाटात एक झाकणाचा स्टीलचा डबा ठेवला आणि रोज रात्री पर्समधली सगळी चिल्लर, दहा-वीसच्या नोटा त्यात ओतायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुटे लागायचेच. मग डबा उघडायचा, दोन नोटा काढायच्या आणि मोठ्या प्रामाणिकपणे चिठ्ठी टाकायची: ‘40 घेतले, परत टाकणे’. वर्षाअखेर डबा पालथा केला तर पैसे कमी आणि चिठ्ठ्याच जास्त. सगळ्या माझ्याच अक्षरातल्या. एकीवर तर नुसतं ‘घेतले’ लिहिलेलं, किती ते नाहीच.

चूक अशी होती की सुट्या पैशांना घरात आधीच एक काम असतं, ते म्हणजे सुटे म्हणून उपयोगी पडणं. तेच पैसे साठवायलाही वापरायला गेलं की ओढाताण होते आणि दर वेळी सकाळची घाई जिंकते. म्हणून आता दोन भांडी आहेत. दाराजवळ एक उघडी वाटी, तिच्यातून कोणीही घ्यावं, कोणीही टाकावं, हिशोब नाही. आणि एक पारदर्शक बरणी, जिच्या झाकणाला फट पाडून झाकण चिकटपट्टीनं बंद केलंय. पट्टीवर उघडायची तारीख लिहिलेली. ती पट्टी फाडायला अर्धा मिनिटही लागत नाही, पण फाडलेली सगळ्यांना दिसते, आणि तेवढी लाज पुरते.

नियम एकच आणि बिनडोक ठेवा. मी फक्त वीसची नोट पकडली. घरी आल्यावर पर्समध्ये वीसची जी नोट असेल ती बरणीत, एक असो की चार. ‘आज किती टाकू?’ हा प्रश्न स्वतःला विचारायचाच नाही, कारण विचारला की उत्तर ‘आज नको’ असंच येतं. नाणी रविवारी: वाटी काठोकाठ भरली असेल तर वरची रास बरणीत. दिवसाला सरासरी एक नोट धरली तर वर्षाचे 365 गुणिले 20, म्हणजे 7,300 होतात. प्रत्यक्षात काही दिवस वीसची नोट हाती येतच नाही. माझे धड पार पडलेल्या पहिल्या वर्षात पाच हजारांच्या थोडे वर निघाले. फार नाहीत. पण गेल्याचं जाणवलंही नाही.

न जाणवण्याला कारण आहे. प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव या संशोधकांनी 2009 मध्ये ‘डिनॉमिनेशन इफेक्ट’ या नावानं ते मांडलं: तीच रक्कम एका मोठ्या नोटेच्या रूपात हातात असली तर माणूस खर्चायला कचरतो, आणि सुटी असली तर चटकन खर्चून मोकळा होतो. आपल्या तर भाषेतच आहे हे. मोठी नोट आपण ‘मोडतो’. आणि एकदा मोडली की उरलेले कुठे गेले ते संध्याकाळी आठवत नाही. बरणी नेमके हेच, नाहीतरी गळून जाणारे पैसे पकडते. तुमच्या नवऱ्याला एवढंच सांगा की बँकेत टाकायला हे पैसे महिनाअखेर उरलेलेच नसतात.

पण त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. बरणीत साठले म्हणजे बचत झाली असं नाही. महागाई वर्षाला 6 टक्के असेल तर आजच्या दहा हजारांत वर्षभरानं साधारण 9,430 इतक्याच किमतीचं येतं, आणि बारा वर्षांत पैशाची ताकद निम्मी होते (72 ला महागाईच्या दरानं भागलं की निम्मं व्हायची वर्षं मिळतात, ढोबळ पण कामाचं गणित). म्हणून मी दर तीन महिन्यांनी बरणी रिकामी करते आणि त्याच दिवशी खात्यात भरते. ‘उद्या भरू’ म्हटलं तर ते पैसे पर्समध्ये जातात, हे दोनदा अनुभवलंय. आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर खातं वगैरे नंतर, आधी तिथे भरा. महिन्याला 3 टक्के म्हणजे ऐकायला किरकोळ, पण चक्रवाढीनं वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातं. त्यापुढे कुठलंही व्याज टिकत नाही.

माझ्या आजीनं आयुष्यभर ट्रंकेत तळाशी, साडीच्या घडीत नोटा ठेवल्या आणि कोणाला सांगितलं नाही. सापडल्या तेव्हा त्यातल्या बऱ्याच चलनातून बाद झाल्या होत्या. तेव्हा घरातल्या निदान एका माणसाला बरणी माहीत असू द्या.

नोटांना रबरबँड लावू नका. काही महिन्यांत ते विरघळल्यासारखं होऊन कागदाला चिकटतं, सोडवताना नोट फाटते. कागदाची पट्टी गुंडाळा. ओलसर भिंतीला लागून असलेलं कपाटही नको.

नाणी मोजण्यावरून मात्र माझी चांगलीच फजिती झाली. मला वाटलं, कशाला मोजत बसायचं, स्वयंपाकघरात वजनकाटा आहेच. पन्नास नाण्यांचं वजन केलं, त्यावरून अख्ख्या राशीचा अंदाज काढला आणि ऐटीत रक्कम सांगितली. हातानं मोजल्यावर कितीतरी फरक. एकाच मूल्याची नाणी वेगवेगळ्या वर्षांत वेगळ्या धातूची, वेगळ्या वजनाची निघालेली असतात, ते डोक्यातच आलं नव्हतं. आता दहा-दहाच्या चळती करते. ज्या चळतीची उंची शेजारणीशी जुळत नाही तिच्यात भलतं नाणं घुसलंय, ते लगेच कळतं.

हल्ली निम्मा खर्च फोनवरून होतो, मग सुटे येणार कुठून, असंही तुम्ही विचारलंय. दोन मार्ग. एक, आठवड्याच्या बारीकसारीक खर्चाची रक्कम रोख काढून ठेवायची. दुसरा, रात्री दिवसभराच्या खर्चाला वरच्या शंभरापर्यंत न्यायचं आणि मधला फरक दुसऱ्या खात्यात पाठवायचा: 583 गेले तर 17. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकानं 2005 मध्ये ‘कीप द चेंज’ नावाची अशीच सोय काढली, कार्डानं केलेली खरेदी पुढच्या पूर्ण डॉलरपर्यंत नेऊन वरचे सेंट बचत खात्यात. मला स्वतःला नोट फटीतून सरकवताना जी मजा येते ती फोनवर येत नाही, पण ज्याची त्याची आवड.

आणि ते बावन्न आठवड्यांचं प्रकरण, पहिल्या आठवड्यात 1, दुसऱ्यात 2, शेवटी 52, एकूण 1,378. दहापट केलं तर 13,780. कागदावर सुंदर, पण शेवटच्या चार आठवड्यांतच 2,020 टाकावे लागतात आणि लोक तिथेच सोडतात. करायचंच असेल तर उलटं करा, 52 पासून खाली. उत्साह असतो तेव्हाच जड आठवडे उरकतात.

आमची सध्याची बरणी एक तारखेला उघडायची आहे. काचेतून आत एक चिठ्ठी दिसतेय, बऱ्याच वर्षांनी. या वेळी अक्षर माझं नाही, मुलीचं आहे: ‘आज वीसची नव्हती. उद्या दोन.’