अलास्काचा ज्वालामुखी आणि तुमच्या विहिरीचा कातळ

प्रश्न : मी संगमनेर तालुक्यातल्या एका गावात राहते, बारावी सायन्सला आहे. अलास्कातल्या नोव्हारुप्ता ज्वालामुखीबद्दल वाचल्यापासून मला ज्वालामुखींचाच अभ्यास करायचा आहे. बाबा म्हणतात, दगड मोजून पोट भरत नाही, ॲग्रीला जा. काय करू?

उत्तर : तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. बाबांचा शब्द आहे ना, ‘मोजून’, तिथूनच सुरुवात करते. कारण नोव्हारुप्ताचं कोडं दगड मोजूनच सुटलं.

6 जून 1912 ला तो फुटला आणि सुमारे साठ तास धुमसत राहिला. विसाव्या शतकातला हा सर्वांत मोठा उद्रेक. दीडशेहून अधिक किलोमीटरवरच्या कोडियाक गावात भरदिवसा इतका काळोख झाला, की हातभर अंतरावरचा कंदील दिसेना. जवळपास वस्तीच नव्हती, त्यामुळे नेमकं काय फुटलं ते पाहणारं कोणी नव्हतं. पुढे 1916 मध्ये रॉबर्ट ग्रिग्ज तिथल्या दरीत पोहोचले, तेव्हा राखेच्या थरातून वाफेचे हजारो झोत उठत होते. ग्रिग्ज वनस्पतिशास्त्रज्ञ होते, राखेतून झाडं पुन्हा कशी उगवतात ते बघायला या भागात आले होते, हे मला विशेष आवडतं. शेजारच्या कॅटमाई पर्वताचा माथाच खचलेला दिसला, तेव्हा उद्रेक त्याचाच, असं सगळे धरून चालले.

चाळीसेक वर्षांनी गार्निस कर्टिस यांनी ठिकठिकाणी खणून राखेच्या थरांची जाडी मोजली. थर जाड होत गेले ते कॅटमाईकडे नाही, तर त्याच्या पश्चिमेला दहा किलोमीटरवरच्या नोव्हारुप्ताकडे. शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, कॅटमाईखालून सरकून इकडे बाहेर पडला होता आणि आधार गेल्यामुळे तिकडचा माथा बसला. तिथल्या प्युमिसच्या, म्हणजे ज्वालामुखीतून आलेल्या हलक्या सच्छिद्र दगडाच्या, काही तुकड्यांत पांढरे-काळे पट्टे दिसतात, दुधात कोको नीट ढवळला नाही तर दिसतात तसे. वेगवेगळे शिलारस पुरते मिसळायच्या आत बाहेर फेकले गेले, त्याची ही खूण.

आता पोटाचं. निव्वळ ज्वालामुखीवर भारतात नोकऱ्या अगदी मोजक्या. आपला जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. पण भूशास्त्र शिकलेल्यांना भूजल, खाणी, धरणं, बोगदे इथे काम असतं. बी.एस्सी.ला भूशास्त्र पुण्यात फर्ग्युसनला आहे, मुंबईत झेवियर्सला आहे. मग जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येते. एम.एस्सी.नंतर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा, त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा केंद्रीय भूजल मंडळ. अलास्काचं स्वप्न सोडू नकोस. फेअरबँक्सचं विद्यापीठ तिथल्या ज्वालामुखी वेधशाळेत भागीदार आहे. तो रस्ता पीएच.डी.चा आणि लांबचा. गणित, रसायनशास्त्र मात्र आत्तापासून कच्चं ठेवू नकोस. तुझ्या पत्रात या दोन्हींचा उल्लेखच नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

बाबांशी वाद घालू नकोस. त्यांना विहिरीवर घेऊन जा. मुरूम कुठे संपतो, मांजऱ्या खडक कुठे लागतो, काळा पाषाण कुठून सुरू होतो आणि पाणी कुठल्या थरातून झिरपतं, हे त्यांना तोंडपाठ असेल. ते सगळे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे आहेत. हा लाव्हा पातळ, म्हणून भेगांतून वाहत दूरवर पसरला. नोव्हारुप्ताचा बराचसा शिलारस सिलिकाने घट्ट, वायू कोंडून राहिला आणि स्फोट झाला.

काठावरूनच बघ, आत उतरू नकोस. दोरीला दगड बांधून प्रत्येक थर किती फुटांवर सुरू होतो ते मोज, वहीत चित्र काढ, बाबा सांगतील ती नावं त्यांच्याच शब्दांत लिही. शेजारच्या दोन विहिरींचंही तसंच कर आणि तिन्ही चित्रं शेजारी ठेवून कुठला थर कुठे जाड होतो ते पाहा. वही मला पाठव, मी ती भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांना दाखवीन.